पाचवा फाउल

नसीम, तू समोर असतीस तर माझं तोंड पाहूनच म्हणाली असतीस, "आली का वो भांडाले?" हो, भांडायलाच आले आहे. तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलून जातात. किती हसरी होती, किती गुणाची होती, चांगली माणसंच देवाला लवकर लागतात. मला त्यातलं एकही वाक्य बोलता आलं नाही. माझी जीभ कशी आहे ते तुला ठाऊक आहे. आपलं एक भांडण आठ वर्षं चाललं होतं आणि ते तू अर्ध्यावर टाकून गेलीस. त्या भांडणात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. ती सांगायचीच असं ठरवून मी दवाखान्यात आले होते, पण सांगता आली नाही. म्हणून हे लिहिते आहे. वरातीमागून घोडं आहे, कळतं मला.

भांडण एवढंच होतं की कॉलेजच्या त्या बास्केटबॉल फायनलमध्ये आपला चोवीस पॉइंटांचा लीड असताना तू लता आणि वैशालीला गाडी पकडायला का पाठवलंस. आणि लपवलेली गोष्ट म्हणजे माझा पाचवा फाउल.

आपली टीमच मुळात कशी होती बघ. बारा जणींची जागा आणि आपण सातच. चंद्रपुरातली तू, कुंदा आणि ज्योती. भद्रावतीहून येणारी मी आणि पुष्पा, दोघींचे बाप फॅक्टरीत. पोंभुर्ण्याच्या लता आणि वैशाली, चुलत बहिणी, दोघी सागाच्या बल्लीसारख्या सरळ आणि उंच. रोज सकाळी आधी कोर्ट झाडायचं, कारण रात्रीतून त्याच्यावर काळी धूळ बसलेली असायची. तरी खेळून झाल्यावर सगळ्यांचे तळहात कोळसा विकणाऱ्यांसारखे. तुझ्या अब्बांनी, सिटी पोस्टापलीकडच्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात, सातही जणींच्या ट्रॅक पँट शिवल्या होत्या. पोरी माप द्यायला लाजतात म्हणून त्यांनी टेप तुझ्या हातात दिली आणि तू सगळ्यांची मापं चुकवलीस. कुंदाची पँट वर्षभर दुमडून दुमडून घालावी लागली.

तू कॅप्टन झालीस तेव्हा सगळ्यात आधी काय केलंस? डाव शिकवला नाहीस. वहीच्या पहिल्या पानावर गाड्यांच्या वेळा लिहिल्यास. भद्रावती, शेवटची पोंभुर्णा मुक्कामी साडेपाच, आणि तिकडची कोणीच नसताना आलापल्लीचीसुद्धा. ज्या मुलीच्या गाडीची वेळ झाली तिनं कोर्टावरून निघायचं, मग हातात बॉल असला तरी. खेळाचे सर हसले होते. म्हणाले, "ही टीम आहे का स्टँडची चौकशी खिडकी?" पण त्या वहीमुळेच तर टीम टिकली. लताची एकदा गाडी चुकली होती आणि तिच्या बापानं पंधरा दिवस तिला कॉलेजचं तोंड पाहू दिलं नव्हतं. तेव्हा तू अब्बांना घेऊन पोंभुर्ण्याला गेलीस. लताचे वडील अंगणात उभे राहूनच बोलले, "पोरगी साडेपाचच्या गाडीनं घरी आली पाह्यजे. नाई आली तं खेळ बंद. लग्नाची पोर हाये." आणि तू, एकोणीस वर्षांची, म्हणालीस, "काका, माझी जबाबदारी. एकबी दिवस गाडी चुकली तं मले येऊन बोला."

फायनल आपल्याच कोर्टावर होती. प्राचार्यांनी बजावलं होतं की यंदाही हरलात तर त्या जागेवर सायकल स्टँड होईल. तुझं त्याहून जास्त अडलेलं होतं. जिंकलो तरच विद्यापीठाच्या टीमसाठी नाव जाणार होतं, आणि ते सर्टिफिकेट असेल तरच तुला बी.पी.एड.ला जागा मिळेल असं सर म्हणाले होते. तुला खेळाची बाई व्हायचं होतं. बाकी तुला आयुष्यात काही नको होतं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्या दिवशी आम्ही तुझ्यासाठी खेळत होतो. कोर्ट काय, सायकल स्टँडही चाललं असतं.

समोरची टीम वर्ध्याकडची. त्यांची जीप वाटेत बंद पडली आणि दोनची मॅच चारला सुरू झाली. सुरू झाली तरी त्या मुलींच्या अंगातून जीपचे धक्के गेले नव्हते. हाफ टाइमला आपण अडतीस, ते चौदा. लता आणि वैशाली रिंगखाली उभ्या राहून नुसते बॉल वेचत होत्या, बोरं वेचावीत तसे. सर गल्ल्यावरच्या शेटजीसारखे पाय हलवत बसले होते. दुसऱ्या हाफची दहा मिनिटं उरली तेव्हा शेहेचाळीस-बावीस. आणि तू घड्याळ पाहिलंस.

टाइम आउट घेतलास आणि सरळ म्हणालीस, "लता, वैशाली, निघा. पाच दहा झाले."

मी म्हटलं, "वेडी झाली का वो? फायनल हाये."

"चोवीसचा लीड हाये सुनंदा. दहा मिनिटं तं आपण झोपेतबी काढू."

"आणि नाई काढली तं?"

"तं नाई काढली. मी तिच्या बापाले शब्द देल्ला."

लता रडायला लागली. तिला जायचं नव्हतं. तू तिची पिशवी तिच्या खांद्याला अडकवलीस आणि स्वतः गेटपर्यंत जाऊन दोघींना रिक्षात बसवून आलीस. समोरच्या टीमला काय चाललंय ते कळेना. आपल्या दोन सगळ्यात उंच मुली फायनल टाकून घरी चालल्या होत्या. असली चूक आपल्या कोर्टाबाहेर कोणी केली असती असं मला वाटत नाही.

पुढची दहा मिनिटं मी आठ वर्षं रोज खेळते आहे. आधी त्यांचे दोन बास्केट पडले, तेव्हा तू टाळ्या वाजवून "होते होते" म्हणालीस. मग आणखी तीन पडले. रिंगखाली कोणीच नव्हतं, बॉल वर गेला की तो त्यांचाच. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं डोळ्यांसमोर कधी पाहिलं नव्हतं. पुष्पाचे पाच फाउल झाले, ती बाहेर. बदली कोण? बदली खेळाडू पोंभुर्ण्याच्या वाटेला लागलेल्या. आपण चौघी राहिलो. मग ज्योतीच्या पोटरीत असा गोळा आला की तिला उचलून न्यावं लागलं. तिघी. सर आता उभे होते आणि ओरडत होते, पण काय ओरडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पन्नास-शेहेचाळीस. दीड मिनिट बाकी. माझे चार फाउल झालेले.

आता ऐक, नसीम. त्यांची सात नंबरची मुलगी बॉल घेऊन माझ्या अंगावर आली. तुझ्या मते ती बास्केट करणारच होती आणि मी तिला थांबवायला फाउल घेतला. तसं नव्हतं. तिचा पाय चुकला होता, तिला बास्केट जमणारच नव्हता, मला स्पष्ट दिसत होतं. मी फक्त हात वर करून उभी राहिले असते तरी बॉल बाहेर गेला असता. पण माझे गुडघे थरथरत होते. मला एवढंच दिसत होतं की आता आपण हरणार, आणि हरताना तुझं सर्टिफिकेट माझ्या हातातून जाणार. मला ते माझ्या हातातून जायला नको होतं. बाहेर बसून काय ते बघू, असं वाटलं. मी तिच्या कोपरावर मारलं. तेव्हा फाउल झाला की खेळाडूनं स्वतः हात वर करायचा असायचा. माझा हात शिट्टीच्या आधी वर गेला.

मी भिऊन पळाले, नसीम. पाच फाउलची सोय होती म्हणून पळून गेले. लता तरी रडत गेली होती.

त्या सात नंबरच्या मुलीनं दोन फ्री थ्रोपैकी एक रिंगमध्ये टाकला. कोर्टावर तू आणि कुंदा, दोघीच. समोर पाच जणी. आणखी एक बाहेर गेली असती तर मॅच तिथेच त्यांना दिली गेली असती. मी बाकावर बसले, तोंडावर टॉवेल घेतला, आणि टॉवेलच्या कडेनं पाहत राहिले. त्यांनी आणखी एक बास्केट केला. पन्नास-एकोणपन्नास. मग तू बॉल घेतलास आणि कोर्टभर फिरायला लागलीस. पाच जणी तुझ्यामागे आणि तू त्यांच्यामधून, बॉल जमिनीपासून वीतभरसुद्धा वर येऊ देत नव्हतीस. कोपऱ्यात सापडलीस तेव्हा कुंदाकडे दिलास. कुंदाच्या हातून वर्षभर एकही पास सुटल्याशिवाय राहिला नव्हता. तिनं तो बॉल पोटाशी असा धरला की दोन मुली ओढत होत्या तरी सोडला नाही. जंप बॉल झाला, त्यांना मिळाला, त्यांनी मारला. रिंगवर आदळून बाहेर पडला आणि चपराश्यानं घंटा वाजवली. मी त्या घंटेपर्यंत काहीही केलं नव्हतं. काही करता येण्यासारखं मी ठेवलंच नव्हतं.

आणि तू काय केलंस? सगळ्या कॉलेजसमोर मला मिठी मारलीस आणि ओरडलीस, "तिनं फाउल घेतला नसता तं दोन पॉइंट गेले असते! एकच गेला! एकानंच जिंकलो ना बाप्पा!" तेव्हापासून ते तसंच राहिलं. कुठेही गेलो की तू ती गोष्ट सांगायचीस. मी तुला टोचायचे, "लताले पाठवलं नसतं तं वीसनं जिंकलो असतो." आणि तू म्हणायचीस, "पाठवलं म्हणून तं तू हिरो झाली." लोक माझ्याकडे कौतुकानं पाहायचे. मी गप्प बसायचे. एरवी माझं तोंड कधी बंद असतं? पण तिथे गप्प.

तुला सर्टिफिकेट मिळालं, बी.पी.एड. झालं, आलापल्लीच्या पुढच्या एका निवासी शाळेत नोकरी लागली. मी एकदाच आले होते तिथे, आठवतं? तू मैदानात चुन्यानं कोर्ट आखलं होतंस, लोहाराकडून रिंग करून घेतली होतीस आणि ती सागाच्या खांबाला ठोकली होतीस. मुली अनवाणी खेळत होत्या, आपसात गोंडीत ओरडत होत्या आणि तुला "बाई, बाई" करत होत्या. तू एका मुलीचा उजवा हात तिच्याच ओढणीनं कमरेला बांधला होतास, डाव्या हातानं मारायला शिकावं म्हणून. माझाही तसाच बांधला होतास एकदा, तेव्हा मी तुला शिव्या दिल्या होत्या. ती मुलगी हसत होती. संध्याकाळ झाली तरी कोणी घरी निघेना. तू म्हणालीस, "पाह्य, इथी कोणाची गाडी सुटत नाई." इतकी सुखी मी तुला कधी पाहिली नव्हती.

आणि तिथेच तुला ताप आला. जीपमधून चंद्रपूरला आणलं तेव्हा तू कोणाला ओळखत नव्हतीस. मलेरिया डोक्यात गेला म्हणाले. मी कचेरीत रजा टाकून आले. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, चहा मागितलास, मला पाहून म्हणालीस, "रजा घेतली? तुह्या साहेबाले ताप आला असन आता." डॉक्टरही हसले. ताप उतरला होता. अम्मींनी खिचडी भरवली. मी अब्बांना म्हटलं, आता काळजी नाही. मी असं म्हणायला नको होतं. काही गोष्टी मोठ्यानं बोलू नयेत एवढं तरी त्या मॅचनंतर मला कळायला हवं होतं.

त्याच दुपारी मी ठरवलं की सांगून टाकायचं. तोंड उघडलं, तर सिस्टर सलाईन बदलायला आली आणि तू तिला सांगायला लागलीस, "सिस्टर, ही कोण हाये माहीत हाये का? हिनं मले बी.पी.एड. करवलं. हिनं फाउल घेतला नसता ना..." सगळी मॅच सांगितलीस. धाप लागत होती तरी सांगितलीस. सिस्टर माझ्याकडे पाहून हसली. मी पाण्याची बाटली उचलली आणि भरायला गेले. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या ताप परत आला. मग झटके. पुढचे दोन दिवस मी काय केलं ते सांगते. चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले. बाटलीत पाणी भरलं. अम्मींना जबरदस्तीनं बिस्किट दिलं. सलाईनचे थेंब पाहिले. बाकी काही नाही. आतलं सगळं डॉक्टरांच्या हातात आणि मी बाहेर बाकावर. तिसऱ्या दिवशी दुपारी अब्बा बाहेर आले आणि नुसते भिंतीला टेकून उभे राहिले.

तेव्हापासून एकच हिशेब डोक्यात फिरतो. तू म्हणायचीस तो एक पॉइंट माझा. तो पॉइंट नसता तर बरोबरी झाली असती, जादा वेळेत तू आणि कुंदा दोघी मिळून काय खेळला असतात, हरला असतात. सर्टिफिकेट नसतं. आलापल्ली नसती. तू अब्बांच्या दुकानात काजं करत बसली असतीस, चिडलेली, जाड झालेली आणि जिवंत. मला माहीत आहे तू यावर काय म्हणाली असतीस. तरी हिशेब थांबत नाही. त्या एका पॉइंटावर माझं नाव तूच लिहून ठेवलं आहेस, आता ते खोडू कसं?

आज कचेरी सुटल्यावर अब्बांच्या दुकानात गेले. त्यांनी दुकान उघडलं आहे. मशीनवर बसले होते, मशीन चालत नव्हतं. मी स्टुलावर बसले. म्हटलं तुला नाही तर निदान त्यांना सांगते. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. म्हटलं, "अब्बा, वो मॅच का..."

अब्बाच बोलले. त्यांना वाटलं मी तुझी आठवण काढते आहे.

"सबको सुनाती थी वो किस्सा. मेरेको तो हसी आती थी."

"हसी कायको अब्बा?"

"घर में दूसराच बोली थी ना उस दिन. बोली, सुनंदा डर गई थी अब्बा, जान के बाहर हो गई. मैं बोला, तो डाँटी नहीं तू? बोली, कायको डाँटूँगी, उसके पाँव काँप रहे थे. बोली, किसी को मत बोलना, नहीं तो वो लडकी फिर खेलने नहीं आएगी." मग माझ्याकडे पाहून घाईघाईनं म्हणाले, "बच्चे थे तुम लोग. उसका क्या बुरा मानना."

चहा आला तो प्यायले आणि शेवटी स्टँडवर आले. तीन गाड्या सोडल्या. आता घरी येऊन हे लिहिते आहे.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी वर्षानुवर्षं तुला लतावरून टोचत होते आणि तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकली असतीस. "ते तं गाडीसाठी गेल्या, तू कुठी चालली होती?" एवढंच. एकदाही म्हणाली नाहीस. भरल्या घरात, लग्नांमध्ये, त्या खाटेवर धाप लागलेली असताना सिस्टरला, तू माझं पळून जाणं झाकून ठेवलंस, आणि मी बाटली घेऊन नळावर गेले. आठ वर्षं मी घाबरत होते की तुला कळलं तर काय होईल. काय होईल ते होऊन गेलं होतं, त्याच दिवशी, त्या मिठीत.

लताला तू जाऊ दिलंस कारण तिच्या बापाला शब्द दिला होतास. मला जाऊ दिलंस ते कोणाला शब्द देऊन? हे विचारायला मी कुठे येऊ? कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत गेले होते, बायका आत जात नाहीत म्हणून परत फिरले. सांगायची गोष्ट तुला आधीच ठाऊक होती. मागायची माफी तू केव्हाच देऊन टाकली होतीस. एवढी तोंडाळ मी, आणि माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. तूच बोल ना वो. घाबरट म्हण, पळपुटी म्हण, पण एकदा तरी मला उलटून बोल.